रात्रीतून वाढलेले पन्नास किलोमीटर

“ट्रकला चाकं दहा आणि कागद दहा हजार,” असं थोरलीचा नवरा म्हणायचा, आणि कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवून मोकळा व्हायचा. चाकं त्याची आणि कागद तिचे, ही वाटणी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी होऊन गेली होती.

आता म्हणे गाडीतलं यंत्रच सगळं टिपून ठेवतं, कोणाला पेन हातात धरावं लागत नाही. तेव्हा तसं नव्हतं. सकाळी गाडी निघण्याआधी चालकानं तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि छापील तक्त्यातल्या बावीस चौकोनांत खुणा करायच्या. टायर पाहिले, नट पाहिले, ब्रेकची हवा पाहिली, दिवे, आरसे, ताडपत्रीचे दोर पाहिले. त्याखाली मीटरचा आकडा आणि सही. संध्याकाळी गाडी लावली की एका वेगळ्या डायरीत किती तास चालवली, मध्ये किती वेळ विसावा घेतला, आणि पुन्हा मीटरचा आकडा. टायर बदलला की त्याचा कागद, ब्रेक उघडले की त्यांचा कागद. चालकाची पंचावन्न उलटली की दर वर्षी डॉक्टरांचा दाखला. आणि या सगळ्यावर आठवड्यातून एकदा अशा माणसाची सही, ज्याचं नाव परवान्यावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून छापलेलं असायचं. त्या परवान्यावर नाव थोरलीचं होतं.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. ट्रक दोघा भावांच्या नावावर घेतलेला, त्यामुळे आता अर्धा थोरलीचा आणि अर्धा भावजींचा, म्हणजे धाकट्या दिराचा. ट्रक एकच आणि तो चालवणारेही भावजी एकटेच. ट्रक उभा असायचा त्या आवाराला लागून दोन खोल्या होत्या. त्यात भावजी आणि धाकटी जाऊ राहत. थोरलीचं घर दोन गल्ल्या सोडून. रोज सकाळी ती चालत यायची, आवारातल्या ऑफिसच्या खोलीत बसायची. ऑफिस म्हणजे काय, तर एक पत्र्याचं कपाट, काच लावलेलं टेबल, पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणि एक खिडकी. खिडकीतून ट्रकची फक्त डावी बाजू दिसायची.

फाटकाला दगडी खांब होते. त्यातल्या उजव्या खांबाचा कोपरा कमरेच्या उंचीवर उडालेला होता. नवरा जायच्या आदल्या वर्षी भंगारवाल्याच्या टेम्पोनं तो उडवला, असं थोरलीचं ठाम मत होतं. भंगारवाला शपथेवर नाही म्हणाला होता. थोरलीनं भर रस्त्यात त्याचा पाणउतारा केला होता, आणि नवरा बाजूला उभा राहून विडीची राख झाडत होता. तेव्हापासून भंगारवाला फाटकासमोरून जाताना टेम्पो पार पलीकडच्या कडेनं न्यायचा आणि ओरडायचा, “बाई, खांबापासून दहा हात लांब आहे हो!” थोरली ढुंकूनही बघायची नाही. एकदा मनात बसलेलं ती सहजी सोडत नसे.

तर एका बुधवारी ती कागद लावत बसली होती. मंगळवारी संध्याकाळच्या डायरीत मीटरचे शेवटचे तीन आकडे होते चारशे बत्तीस. बुधवारी सकाळच्या तक्त्यावर होते चारशे ब्याऐंशी.

तिनं चष्मा पुसला आणि परत पाहिलं. उभी गाडी रात्रीतून पन्नास किलोमीटर चालून आली होती.

चूक असेल, असं म्हणून तिनं कागद फायलीत लावला. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. चहा प्यायला म्हणून उठली आणि चहा न पिता कपाट उघडून बसली. डायरी आणि तक्ते वेगवेगळ्या फायलींत असायचे. आजवर तिनं दोन्हीवर सह्या केल्या होत्या, पण संध्याकाळचा आकडा दुसऱ्या सकाळच्या आकड्याशेजारी धरून कधी पाहिला नव्हता. आपल्याच माणसाचा कागद कोण असा धरून बघतं? दुपारपर्यंत सहा महिन्यांचे कागद टेबलावर आले होते आणि त्यात अशा अकरा जागा सापडल्या होत्या. कधी रात्रीतून पाच किलोमीटर वाढलेले, कधी पन्नास. एकदा तर गाडी रात्रीतून पाच किलोमीटर मागे गेली होती. ते काही तिच्या हिशेबात बसेना, म्हणून तो कागद तिनं बाजूला ठेवला. संशय आला की माणूस असंच करतो, जे जुळतं तेवढंच हाताशी ठेवतो.

पन्नास म्हणजे पंचवीस जाऊन, पंचवीस येऊन. पंचवीस किलोमीटरवर काय आहे?

पंचवीस किलोमीटरवर धाकटीचं माहेर होतं.

धाकटीच्या भावाला मालवाहतुकीत पडायची हौस होती, हे थोरलीच्या कानावर आलं होतं. म्हणजे रात्री गुपचूप गाडी तिकडे जाते, माल वाहते आणि उजाडायच्या आत जागेवर येते. म्हणजे भावजींचं वेगळं व्हायचं चाललंय. आणि दिवसभर गाडी चालवलेला माणूस रात्रीही चालवतो, म्हणजे विसाव्याचे तास सगळे खोटे. त्या खोट्या तासांवर दर शनिवारी सही कोणाची? तिची.

धाकटी संध्याकाळी तक्त्यांचं नवं पुस्तक न्यायला आली, तेव्हा थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “माहेरी गेली नाहीस गं बऱ्याच दिवसांत?”

“कुठलं माहेर, ताई? वेळ कुठाय?” धाकटी म्हणाली आणि पटकन पदर सावरून निघाली. जरा जास्तच पटकन, असं थोरलीला वाटलं.

शुक्रवारी वाहतूक खात्याचं पत्र आलं. येत्या गुरुवारी तपासनीस येतील, गेल्या सहा महिन्यांचे सर्व कागद, चालकाचा दाखला आणि गाडी तयार ठेवावी. कागदांत खोटेपणा आढळल्यास परवाना रद्द होईल. शेवटच्या ओळीखाली कोणीतरी पट्टी लावून रेघ ओढली होती.

परवाना गेला की दोन्ही घरांच्या चुली गेल्या. थोरलीनं पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि ठरवलं, आधी चोरी पकडायची.

शनिवारी दुपारी भावजींनी गाडी लावली. रविवार सुट्टीचा. ती दोघं जेवायला बसल्यावर थोरली टायरवाल्यानं विसरलेला पिवळा खडू घेऊन गेली. मागच्या डाव्या टायरपाशी वाकली आणि टायरच्या कडेवरून खाली सिमेंटच्या फरशीवर एक सरळ रेघ ओढली. अर्धी टायरवर, अर्धी जमिनीवर. गाडी हलली की रेघ तुटणार, आणि तुटलेली रेघ पुन्हा जुळवून गाडी उभी करणं कोणाच्या बापाला जमणार नाही. वाकून उठताना कंबरेत उसण भरली, तीही तिनं गुपचूप सोसली. संध्याकाळची डायरी भावजींनी खिडकीतून आत ठेवली होती. शेवटचे आकडे सातशे पस्तीस.

सोमवारी ती उजाडताच आवारात आली. रेघ जशीच्या तशी होती. केसभरही सरकली नव्हती.

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. पण उलट थोडी निराशाच झाली, हे तिनं पुढे कधीतरी स्वतःशी कबूल केलं. ती ऑफिसात जाऊन खिडकीशी बसली. थोड्या वेळानं भावजींच्या बुटांचा आवाज आला. ट्रकच्या पोटाखालून पलीकडचे बूट दिसत होते, आणि बुटांमागे निळ्या पट्ट्यांच्या चपला. धाकटीच्या. बूट एकेका टायरपाशी थांबायचे, मग चपला थांबायच्या. केबिनच्या पायरीपाशी बूट खालीच राहिले आणि चपला वर गेल्या. मग धाकटीचा दबका आवाज आला, कसले तरी आकडे सांगणारा.

गाडी निघून गेली. धाकटी तक्ता टेबलावर ठेवून गेली. मीटरचे शेवटचे आकडे सातशे पंच्याऐंशी.

थोरलीनं डोक्याला हात लावला. गाडी जागची हलली नव्हती आणि पन्नास किलोमीटर वाढले होते. मग गाडी कुठे गेलीच नव्हती, गेला होता फक्त आकडा. तिनं अकराच्या अकरा जोड्या पुन्हा मांडल्या, त्या मागे गेलेल्या गाडीचीही. आता तिनं किलोमीटर पाहिले नाहीत, आकड्यांचे आकार पाहिले. संध्याकाळी तीन, सकाळी आठ. संध्याकाळी तीन, सकाळी आठ. आणि मागे गेलेल्या दिवशी संध्याकाळी आठ, सकाळी तीन. मीटरवरच्या इंग्रजी आकड्यांत तीन म्हणजे डावीकडून उघडा राहिलेला आठ, दुसरं काही नाही. चांगल्या नजरेला फरक लांबूनही कळतो. अधू नजरेला नाकासमोर धरला तरी कळत नाही.

मग तिला चौकोनांतल्या खुणाही दिसल्या. जुन्या तक्त्यांवरच्या खुणा उजवीकडे झुकलेल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून सगळ्या डावीकडे झुकलेल्या. भावजी उजव्या हातानं लिहितात. घरात डावरी एकच.

“अगं, इकडे ये जरा,” तिनं खिडकीतूनच हाक मारली.

धाकटी पदराला हात पुसत आली. टेबलावरचे कागद पाहून दारातच थबकली.

“बस. तक्ता कोण भरतं?”

“हेच भरतात की.”

“डाव्या हातानं?”

धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली. “मी फक्त लिहिते, ताई. बघतात तेच. हात लावून लावून बघतात. नट, टायर, सगळं.”

“हात लावून का? डोळे कुठे गेले?”

धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. पांढरं पांढरं दिसतं म्हणतात. दुधाच्या काचेतून बघितल्यासारखं. संध्याकाळी जास्त. सकाळी तुम्ही यायच्या आत मी असते आकडा वाचायला. संध्याकाळी मी कशी वर चढू, तुम्ही खिडकीत असता.”

“आणि डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी दाखला दिला तो?”

धाकटीनं खाली बघून, शाळेतल्या मुलीसारखं म्हटलं, “पाच, तीन, आठ, दोन, सहा.”

“नऊ, दोन, चार, सात, तीन,” थोरलीच्या तोंडून आपोआप पुढची ओळ निघाली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर नजर तपासायचा आकड्यांचा एकच तक्ता होता, वीस वर्षांपासून त्याच खिळ्याला. थोरलीचा नवरा दाढी करताना ते आकडे गाण्यासारखे म्हणायचा. गालाला साबण, हातात वस्तरा, आणि “पाच तीन आठ दोन सहा, बायको माझी चहा दे पहा!” ती स्वयंपाकघरातून हसायची. त्या वेळी ती घरातली गंमत होती. घरात सगळ्यांना ते पाठ होतं. धाकट्या भावालाही.

“तुला कळतं का गं, तू काय केलंस?” थोरली म्हणाली. आवाज चढला नाही, हीच भीतीची गोष्ट.

“मला वाटलं होतं, तुम्हाला कळलंय,” धाकटी म्हणाली. “बुधवारपासून तुम्ही असं बघताय माझ्याकडे. माहेराचं विचारलंत. मी म्हटलं, आता ताई मला घराबाहेर काढणार.”

थोरलीला स्वतःचीच लाज वाटली, पण ती गिळून ती घड्याळाकडे बघायला लागली. गाडी रस्त्यावर होती. त्या दोघी त्या दिवशी जेवल्या नाहीत. थोरलीला नुसते ते रस्ते दिसत होते. पुलाजवळचं वळण, बाजाराचा चौक, हातगाड्या. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे ठाऊक असूनही पाच वाजल्यावर तिनं आणखी पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवली नाही, फाटकात जाऊन उभी राहिली.

ट्रक सव्वापाचला आला. फाटकातून आत घेताना भावजींनी तो इतका सावकाश घेतला की थोरलीला आता पहिल्यांदाच तो सावकाशपणा दिसला. इतके दिवस तिला वाटायचं, भावजी फार जपून चालवतात.

ते खाली उतरले तेच रागानं. उजवा तळवा पुढे धरलेला. तळव्यावर पिवळा डाग.

“वहिनी, हे काय आहे?”

“खडू.”

“माझ्या टायरला खडू! जुन्या गाड्यांचा दलाल सौद्याच्या आधी टायरवर अशी खूण करतो, एवढं कळतं मला. गाडी विकताय माझ्या पाठीमागे? दिवसभर हा हात घेऊन फिरतोय मी. अर्धी गाडी माझी आहे, वहिनी!”

“सकाळी लागला होता?”

“टायर बघताना लागला.”

“बघताना नाही, भावजी. चाचपताना. बघितलं असतंत तर हातभर पिवळी रेघ दिसली असती.”

भावजींचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, म्हणजे ती उभी होती त्या दिशेला पाहिलं. “सांगितलंस?”

“आत चला,” थोरली म्हणाली.

ऑफिसात तिनं पत्राच्या पाकिटावर मागच्या बाजूला जाड पेनानं पाच आकडे लिहिले आणि कपाटाशी जाऊन पाकीट छातीशी धरलं. “वाचा.”

भावजी हसले. जुनं, सवयीचं हसू. मान ताठ केली, हात मागे बांधले. “पाच, तीन, आठ, दोन, सहा.”

धाकटीनं तोंडावर पदर धरला. पाकिटावर भलतंच लिहिलं होतं. सगळ्या ओळीत एक पाच नव्हता की एक सहा नव्हता.

भावजींना दोघींच्या गप्प राहण्यातूनच कळलं. ते खुर्ची चाचपत बसले आणि खडूचा हात पँटला पुसत राहिले.

“रस्ता मला पाठ आहे, वहिनी,” ते म्हणाले. “डोळे बांधून नेईन गाडी.”

“रस्ता पाठ असतो. रस्त्यात त्या दिवशी कोण उभं आहे, ते कुठे पाठ असतं?”

“मग काय करू? मी उतरलो की गाडी उभी. तुम्ही चालवणार आहात?”

“ताई,” धाकटी मध्येच म्हणाली, “गुरुवारचं तर निभावून नेऊ. आजची धरून बाराच जागा आहेत. पेन तेच आहे, निळं. तीनला डावीकडून दोन वळणं दिली की आठ होतो. माझा हात चांगला बसलाय. पुढचं पुढे बघू.”

थोरलीनं पेनाकडे पाहिलं. खरंच सोपं होतं. कोणाला कळलं नसतं. परवाना राहिला असता, घर चाललं असतं, आणि शुक्रवारी सकाळी खाली बूट आणि वर चपला अशी गाडी पुन्हा निघाली असती. तिनं टोपण लावून पेन खणात टाकलं आणि हात पुढे केला.

“किल्ली द्या.”

“वहिनी, तीस वर्षं...”

“भावजी, ते गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, कागदांचं तुम्ही बघा, माझा विश्वास आहे. मी बघितलं. द्या किल्ली.”

भावजींनी किल्ली दिली नाही. टेबलावर ठेवली, आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. तीन दिवस ते वहिनींशी बोलले नाहीत. मंगळवारी दवाखान्यात गेले तेही धाकटीच्या हाताला धरून, आणि या खेपेला डॉक्टरांना आधीच सांगितलं, “तक्ता उलटा टांगा.” बुधवारी मात्र ते गाडीखाली शिरले आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत. निव्वळ पान्याचे आवाज येत होते.

गुरुवारी तपासनीस आला. उंच, सडपातळ, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर. चहाला नाही म्हणाला. फायली पुढे ओढल्या. तो पहिली फाईल उघडणार इतक्यात थोरली म्हणाली, “साहेब, त्यात बारा आकडे चुकीचे आहेत. मी चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. चालकाची नजर गेलेली आहे, दाखला पाठांतरावर मिळवलेला आहे, सकाळचे तक्ते त्याच्या बायकोनं भरलेत, आणि या सगळ्यावर सह्या माझ्या आहेत. सोमवारपासून गाडी उभी आहे. हा डॉक्टरांचा नवा कागद.”

तपासनिसानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि डोळ्यांवरचा वर ढकलला.

“बाई, मला या नोकरीत एकोणीस वर्षं झाली.”

“बरं.”

“एवढं खरं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.” तो खुर्चीत मागे टेकला. “म्हणजे याहून मोठं काहीतरी आहे. काय लपवताय?”

“काही नाही.”

“सगळे हेच म्हणतात,” तो म्हणाला आणि कोट काढून कामाला लागला.

त्यानं सहा महिन्यांचा एकेक कागद उजेडाला धरून पाहिला. पत्र्याच्या कपाटामागे हात घालून पाहिलं. मग आवारात जाऊन ट्रकखाली शिरला. एकेक नट छोट्या हातोडीनं ठोकून, कान लावून ऐकला. ब्रेकची हवा भरून ठेवली आणि पंधरा मिनिटं काट्यावर नजर रोखून बसला. काटा हलला नाही. टायरच्या खाचांत माप घातलं, कागदावरच्या मापाशी ताडून पाहिलं. तिन्ही वेळा जुळलं, तेव्हा चौथ्यांदा घातलं. भावजी भिंतीशी टेकून उभे होते. हातोडीचा आवाज ऐकून म्हणाले, “तो सातवा नट जुना आहे साहेब, त्याचा आवाज तसाच बद्द येतो. पण घट्ट आहे.”

तपासनिसानं सातवा नट पुन्हा ठोकला. मग तो गाडीखालून बाहेर आला, गुडघे झाडले, आणि काहीसा हिरमुसल्यासारखा दिसला.

“इतकी नीट ठेवलेली गाडी या भागात दुसरी नाही,” तो म्हणाला. “कोण बघतं?”

“मी,” भावजी म्हणाले. “हातानं.”

परवाना राहिला. कागदावर ताशेरे आले ते आलेच, ‘जबाबदार व्यक्ती’ला लेखी ताकीद मिळाली, आणि तंदुरुस्त चालक नेमून त्याचे कागद दाखल होईपर्यंत गाडी आवाराबाहेर काढायची नाही, असा हुकूम झाला. भावजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, त्याची शस्त्रक्रिया होणार होती. दुसऱ्याचं डॉक्टर ‘बघू’ म्हणाले होते. पण गाडी नीट ठेवायला मनाई नव्हती. परका चालक नेमला तरी सकाळच्या फेरीला तो आणि भावजी दोघं जातील, खुणा त्यानं करायच्या आणि कान भावजींनी लावायचा, असं त्या संध्याकाळी धाकटीनंच ठरवून टाकलं. भावजी आतून ओरडले, “वहिनींना विचार आधी, नाहीतर उद्या मला खडू लावतील!” सोमवारनंतर वहिनींना ऐकू जाईल असं त्यांचं हे पहिलं बोलणं.

पण हे संध्याकाळचं. त्याआधी, जाताना, तपासनीस कोट घालता घालता फाटकाशी थांबला होता. त्याचा संशय अजून पुरता फिटला नव्हता.

“एक सांगा, बाई. तो दवाखान्यातला तक्ता तुमच्या घरात पहिल्यांदा पाठ कोणी केला?”

“आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ आहे,” थोरली म्हणाली.

तपासनीस मान हलवून गेला. थोरली तिथेच उभी राहिली. पहिल्यांदा कोणी पाठ केला, हे तिला चांगलं माहीत होतं. कशासाठी केला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. गंमत म्हणून कोणी रोज दाढी करताना तेच आकडे घोकत नाही. विसरू नये म्हणून घोकतो.

तिनं उजव्या खांबाच्या उडालेल्या कोपऱ्यावर हात ठेवला. मग मागे वळून ट्रकच्या पुढच्या पट्टीकडे पाहिलं. दोन्हींची उंची एकच होती. भंगारवाल्याच्या बुटक्या टेम्पोची पट्टी तर जेमतेम तिच्या गुडघ्यापर्यंत यायची. इतकी वर्षं ही गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर होती. आणि नवरा त्या दिवशी बाजूला उभा राहून विडीची राख झाडत होता. एक शब्द बोलला नव्हता. भंगारवाल्याच्या बाजूनंही नाही आणि तिच्या बाजूनंही नाही.

आता विचारायचं कुणाला?

तेवढ्यात टेम्पोची घरघर ऐकू आली. भंगारवाला वळणावरून आला, फाटक दिसताच सवयीनं पलीकडच्या कडेला गेला आणि ओरडला, “बाई, खांबापासून दहा हात लांब आहे हो!”

थोरलीनं हात वर केला.

“जवळून या,” ती म्हणाली. “जवळून जा. थांबा जरा.”

भंगारवाल्यानं ब्रेक दाबला, पण टेम्पो पलीकडच्या कडेलाच ठेवला. मान बाहेर काढून त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खांबाकडे, आणि मग पुन्हा तिच्याकडे.

“का?” त्यानं संशयानं विचारलं. “आता काय झालं?”